डोहाळ्यांची सरकारी यादी

उर्वीनं सनकोट काढला, तिथंच सगळं बिघडलं.

तो अंगावर राहिला असता तर कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतलं हे शेवटचं घर तासाभरात उरकलं असतं. पण एप्रिलची दुपार, वर पत्रा, आणि पंखा असा की तो वारा देतोय की घेतोय ते कळू नये. उर्वीनं पांढऱ्या सनकोटाची बटणं सोडली, टॅब मांडीवर घेतला आणि हुश्श केलं. समोर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या रंभाबाईंचे हात थांबले. त्या हातांना थांबायची सवय नव्हती.

"कितवा?" रंभाबाईंनी विचारलं.

"सहावा," उर्वी म्हणाली, आणि लगेच पुढे, "मावशी, आमच्या ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही हं."

"आमी कशाला जातोय तुमच्या हापिसात."

ऑफिसात ठाऊक नव्हतं, कारण ऑफिसातही उर्वी सनकोट घालूनच बसायची. धुळीची अॅलर्जी आहे म्हणून सांगितलं होतं. तिचे पर्यवेक्षक वेणीमाधव सर एकदा म्हणाले होते, "फील्डचं काम उन्हातान्हाचं. इथे धडधाकट माणूस लागतं." पुढच्या वर्षभराच्या फेरीला कुणाला ठेवायचं हे सरच ठरवणार होते, आणि अट एकच होती: आज संध्याकाळच्या आत वाट्याची सगळी घरं पूर्ण. उर्वीचं हे एकच राहिलं होतं. आधी दोनदा आली तेव्हा कुलूप. तिकडे नवरा शिवराज कामाला होता त्या टॉवेलच्या कारखान्यात मागणी मंदावली होती आणि त्याची पाळी दिवसाआड झाली होती. म्हणजे बाळ ज्या पगाराच्या भरवशावर यायला निघालं होतं, तो पगार या टॅबमध्ये अडकलेला होता.

काम तसं साधं. निवडलेल्या घरी जायचं आणि विचारायचं, गेल्या सात दिवसांत काय खाल्लं, किती खाल्लं, कुठून आणलं. माणसं मिळकतीतलं किती पोटात घालतात आणि किती अंगावर नि घरावर, ते वर सरकारला कळावं म्हणून. कॉलेजात उर्वीनं हे पाठ केलं होतं. मिळकत वाढली की खर्च वाढतो, पण तेवढाच वाढत नाही. मिळकत जितकी लहान, तितका तिचा मोठा घास पोट घेतं. फळ्यावर याची एक रेघ असायची, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी.

"विचारू का मावशी?"

"इचार की."

गेल्या सात दिवसांत : ज्वारी, तूरडाळ, तेल

इथवर सगळं सुरळीत होतं. ज्वारी वळसंगच्या दिराकडून येते. डाळ आठवड्याला. आणि तेल?

"पगाराच्या दिशी पिशवी," रंभाबाई म्हणाल्या. "पिशवी सरली की पुडी."

"पुडीचं तेल महाग पडतं ना पण?"

"पडतंय की. पर पिशवीयेवढं पैसं येकदम हातात यायला पगारच व्हावा लागतोय. मग पुढं पुडी, आन् लईच पुढं गेलं की भाजीला फोडणीचा नुसता आवाज."

पाटावर पोळपाट ठेवून बसलेली सून रेश्मा हसली. ती एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती आणि आज तिची सुट्टी होती. "मला जादा काम लागलं की अंडी," ती म्हणाली. "माझ्या शिलाईवर ह्या घरची कोंबडी अंडी घालतीया."

फळ्यावरची रेघ उर्वीला पहिल्यांदाच अशी पुडीत बांधलेली दिसली. ती मनातल्या मनात वाकली या बाईपुढं. एवढ्या मिळकतीत एवढं नेमकं घर चालवायचं, आणि वर विनोद करायचा.

मग ती पुढच्या पानावर गेली.

दही

"गेल्या सात दिवसांत दही?"

रंभाबाईंनी रेश्माकडं पाहिलं. रेश्मा उठली, मागच्या दारानं गेली आणि वाटी घेऊन आली. वाटी उर्वीपुढं ठेवली गेली.

"मावशी, मला नकोय. मी विचारतेय."

"व्हय. खा."

"अहो, आम्हाला लोकांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा नियम आहे."

"पानी कुनी दिलंय? दही हाय."

उर्वी सोलापूरचीच होती, तिला सगळं समजलं. पोटुशी बाईच्या तोंडून खायच्या वस्तूचं नाव निघालं आणि ती तिला मिळाली नाही, तर होणाऱ्या लेकराची लाळ थांबत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच कधी पडली नाही. आणि तिच्या हातात तर खायच्या वस्तूंची भलीमोठी यादी होती.

"मावशी, हे डोहाळे नाहीत. सर्वे आहे."

"व्हय की. सर्वेच हाय. चमचा देऊ का?"

चिंच

विचारायलाच नको होतं.

केळी

चिंचेबरोबर शेजारच्या चन्नम्मा आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, मराठीत सुरुवात करून कानडीत शेवट करणाऱ्या. त्यांनी उर्वीच्या तळहातावर चिंचेचा गोळा ठेवला, "तगो, तगो", घे घे म्हणत बोटं मिटवली आणि पुढं काय होतं ते बघायला भिंतीला टेकून बसल्या.

उर्वीनं युक्ती काढली. नाव घ्यायचंच नाही. तिनं टॅब रेश्मापुढं धरला. रेश्मानं शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, "गाजर, काकडी, टोमॅटो." रंभाबाई म्हणाल्या, "वाचलं हिनं, पर ऐकलं कुनी?" काकडी आली.

उर्वीनं दुसरी युक्ती काढली.

"मावशी, ते... लांबट असतं. पिवळं. सोलून खातात."

रंभाबाईंचा चेहरा कळवळला. "केळं," त्या चन्नम्मांना म्हणाल्या. "बगा, नाव घ्यायचीबी लाज वाटतीय पोरीला. म्हंजी किती मन झालं आसंल."

अंडी

इथं उर्वी नुसती खोकली. तरी रेश्मानं गॅस पेटवला.

सीताफळ

एप्रिलात सीताफळ कुठून येणार? उर्वीला हायसं वाटलं. जे मिळूच शकत नाही ते विचारायला भीती नाही. तिनं खणखणीत आवाजात विचारलं.

वसाहतीत विचारविनिमय झाला. चन्नम्मा बाहेर गेल्या आणि परसातल्या झाडाची मूठभर पानं चुरगाळून घेऊन आल्या. ती त्यांनी उर्वीच्या नाकाशी धरली.

"वास घे, मन भरतंय. फळ दिवाळीत. तवर लेकरू बाहेर येतंय, आपल्या हातानं खातंय."

मनुका, बेदाणे, चारोळी

याला कोपऱ्यावरचं बसप्पाचं दुकान लागलं.

बसप्पा सावध दुकानदार होता. पगाराचा दिवस कोणता, पुडीचे दिवस कोणते, हे त्याला पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आज पुडीचा दिवस. आणि पुडीच्या दिवशी रंभाबाईची सून मनुका मागते? पाठोपाठ चन्नम्मा चारोळी? मागून आणखी कुणी खोबऱ्याची वाटी? बसप्पानं हिशेब मांडला. माणूस मिळकतीशिवाय मनुका खात नाही. ज्या अर्थी मनुका खपतायत, त्या अर्थी विडी कारखान्यानं बोनस दिलेला आहे.

त्यानं ही गोष्ट फक्त एका गिऱ्हाइकाला सांगितली. थोड्याच वेळात कुल्फीची गाडी गल्लीत वळली. तिच्या मागं भाजीवाला, आणि त्याच्या मागं प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारा. बोनस मिळालाय म्हटल्यावर बायांनीही कुल्फी घेतली. आपल्याला नसेल मिळाला, पण गल्लीत आलाय तर येईलच की दारापर्यंत. कुल्फीवाल्यानं त्या पैशातून भाजीवाल्याकडून वांगी घेतली, भाजीवाल्यानं बसप्पाकडून साबण घेतला, आणि बसप्पाला खात्री पटली की आपण म्हणत होतो तेच खरं.

रंभाबाईंचे मालक हिंदुराव कामावरून अर्ध्यातून निघून आले. खांद्यावर कलिंगड होतं.

"बोनस मिळाला म्हनं?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"कुनी सांगितलं?"

"बसप्पानं."

"मग बसप्पालाच इचारा की कुटं हाय."

हिंदुराव कलिंगडाकडं बघत राहिले. परत करण्यासारखी ती वस्तू नव्हती. वाटेत ठोकून, कापून, लाल आहे याची खात्री करूनच घेतली होती.

"आणलंच हाय तर ठेवा हितं," रंभाबाई म्हणाल्या. "पोरीनं अजून नाव घेतलं न्हाय, पर घेनारच हाय."

उर्वीनं टॅबवर बघितलं. पुढचा प्रश्न खरंच कलिंगडाचा होता.

लाल त्रिकोण

एव्हाना टॅबच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण लुकलुकत होता. घराची मिळकत आणि घराचं खाणं यांचा मेळ बसेना की हा त्रिकोण येतो. गोंधळात उर्वी पुढ्यात आलेली प्रत्येक वस्तू भरत गेली होती. टॅबच्या दृष्टीनं विड्या वळणारं एक घर दही, चिंच, केळी, मनुका, चारोळी, अंडी आणि कलिंगड खाऊन आता पुढची मागणी करत होतं. असं घर देशात कुठंच नसतं. ते पाठवलं की वरून ताबडतोब परत येणार, आणि त्याबरोबर उर्वीचं नावही.

तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं तिचं स्वतःचं घर आलं. कुणी तिच्या दारात टॅब घेऊन आलं असतं तर? मनुका? नाही. केळी? नाही. दही? शिवराजच्या डब्यापुरतं. पाळी दिवसाआड झाल्यापासून तिनं एकेक वस्तू न बोलता काढून टाकली होती, आणि तीही रंभाबाईंसारखं हसत नाही, तर नुसतीच. पोटात सहा महिन्यांचं बाळ असून तिनं आजवर एकाही वस्तूचं नाव कुणापुढं घेतलं नव्हतं.

मग तिनं वाटी उचलली आणि दही खाल्लं. नियम मोडायचाच, तर निदान आंबट होण्याआधी.

नासपती

पण फळांच्या पानावर एक शेवटचं नाव राहिलं होतं, आणि ते पान पुरं केल्याशिवाय टॅब पुढं सरकत नव्हता.

"नासपती," उर्वी पुटपुटली.

नासपती बसप्पाकडं नव्हती. भाजीवाल्याकडं नव्हती. नासपती वसाहतीत यायची ती फक्त आजारपणातून. कुणी दवाखान्यातून घरी आलं, की बघायला येणारा एखादा चांगल्या नोकरीवाला पाहुणा पिशवीतून आणायचा. धडधाकट माणसानं नासपती खाल्ल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"दाक्षायणीची सासू," चन्नम्मा एकदम म्हणाल्या.

दाक्षायणीच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या आजी सुनेचा हात धरून स्वतःच आल्या. पदराखाली एकुलती एक नासपती होती. "पाव्हन्यानं दिली तवापास्नं वास घेत बसले," त्या म्हणाल्या. "कापा. मला दिसत न्हाय, मोठी फोड तिला द्या."

आता एवढ्या बाया जमल्याच आहेत, पोरगी पाटावर बसलीच आहे, तर ओटी रिकामी का ठेवायची? कुणीतरी नारळ आणला. कुणीतरी अबोलीचा गजरा केसांत माळला. सनकोट घडी घालून पाटावर गेला, बसायला मऊ म्हणून.

उर्वीच्या तोंडात नासपतीची फोड होती, ओटीत नारळ होता, एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं होतं. त्याच क्षणी दारात वेणीमाधव सर उभे राहिले.

तपासणी

सर न सांगता तपासणीला येत. स्वतःची पाण्याची बाटली बाळगत आणि सदऱ्याच्या खिशात वेलचीची डबी. दोन मुलींच्या लग्नानंतर बायकोनं विडी सोडायला लावली होती, तेव्हापासून वेलची. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या घरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत येताना तर ते नाकासमोर रुमाल धरून यायचे. लोकांना वाटायचं, साहेबांना वास सहन होत नाही. खरं उलट होतं.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"सर, मी..." उर्वीच्या तोंडात फोड.

"तुमी तिचं साहेब?" रंभाबाई उठल्या. "बरं झालं आलात. पोटुशी पोरगी उन्हात हिंडवता, तिच्या खान्यापिन्याचं कोन बघनार?"

"बाई, गैरसमज होतोय तुमचा. ती जी नावं घेत होती, ते प्रश्न आहेत. सरकारी प्रश्न. तिला ते खायचं नव्हतं."

"ठावं हाय की," रंभाबाई म्हणाल्या. "मी काय येडी हाय व्हय? मागं वैरागला भनीकडं बी येऊन गेल्ता तुमचा मानूस. मला सर्वे कळतोय. हिला बी कळतोय. पर पोटातल्याला सर्वे कळत न्हाय."

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत प्रत्येक आक्षेपाला उत्तर होतं. याला नव्हतं.

सरांनी हात पुढं केला. उर्वीनं टॅब दिला. सर लाल त्रिकोण बघत राहिले, मग एकेक नोंद बोटानं वर सरकवत गेले. उर्वीला ते बोट आपल्या पगारावरून फिरतंय असं वाटलं.

"हे सगळं आज खाल्लं?"

"हो सर."

"आणि तुम्ही विचारताय काय?"

"गेल्या सात दिवसांत..."

"ते सात दिवस कधी संपले?"

उर्वीला आठवलं. पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासाला शिकवलेली गोष्ट. सात दिवस म्हणजे कालपर्यंतचे.

"काल संपले, सर."

"मग आजचं मोजत नाहीत. आज इथे काहीही झालेलं नाही," सर म्हणाले आणि दही खोडलं. केळी खोडली. चिंच, काकडी, मनुका, चारोळी, अंडी, कलिंगड. नासपतीपाशी बोट थोडं थांबलं, मग तीही गेली. त्रिकोण विझला. टॅबमध्ये उरली ज्वारी, डाळ आणि पुडीचं तेल. देशाच्या लेखी गल्लीची ती दुपार कोरीच्या कोरी राहिली. हिरव्या पट्टीतल्या म्हाताऱ्या आजींना ते कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरं झालं, नाहीतर नासपती कुणी खाल्ली ते पाव्हन्याला सांगावं लागलं असतं.

"सर, मी सांगणार होते," उर्वी म्हणाली. "सहावा आहे."

"मला महिनाभर ठाऊक आहे. पंख्याखाली सनकोट घालून कोण बसतं? मुली आहेत मला." सरांनी वेलची तोंडात टाकली. "तुमचं नाव पुढच्या फेरीच्या यादीत घातलंय. ऑफिसातलं काम देतो, उन्हातलं नाही. पण हे घर आज पूर्ण झालं पाहिजे. तिथे माझ्या हातात काही नाही."

"यादी सरली न्हाय अजून?" रंभाबाईंनी विचारलं.

"थोडी आहे, मावशी."

"मग राहू दे ती. यादीत न्हाय ते सांग. तुला काय पायजे?"

एवढ्या वेळात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. उर्वीनं बराच विचार केला.

"अर्धा तास झोप," ती म्हणाली.

रंभाबाईंनी ट्रंकेतून चादर काढली. मोरांची, घट्ट विणीची, अजून एकदाही न अंथरलेली. कुल्फीच्या गाडीची घंटा हिंदुरावांनी हातानं धरली. बाया दबक्या पावलांनी दाराबाहेर गेल्या आणि ओट्यावर बसून पुन्हा विड्या वळू लागल्या. उर्वी उशीला टेकली, तेव्हा तिच्या केसांतला गजरा आधी झोपला आणि मग ती.

गेल्या सात दिवसांत : उरलेलं

उरलेले प्रश्न सरांनी ओट्यावर बसून विचारले, कुजबुजत.

"मीठ?"

"हाय."

"चहा?"

रेश्मानं कप आणून ठेवला. सरांनी कपाकडं पाहिलं. "अहो, मला कुठे..."

"हळू बोला. उठंल ती."

सरांनी चहा प्यायला. फारच चांगला होता. पुढं त्यांनी फरसाण विचारलं, ते आलं. पापड विचारला, तो भाजून आला. प्रत्येक वेळी ते मान हलवून नको म्हणत आणि प्रत्येक वेळी रंभाबाई ओठांवर बोट ठेवत. हिंदुराव कलिंगडाची फोड घेऊन शेजारी येऊन बसले. बोनसच्या पैशानं घेतलेलं कलिंगड गोड निघालं होतं.

असं करत करत शेवटचं पान आलं. सरांनी ते वाचलं आणि टॅब मांडीवर पालथा घातला.

"काय झालं?" रंभाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"सरली यादी?"

सरली नव्हती. यादीतला शेवटचा विभाग होता पान, सुपारी, तंबाखू. आणि समोर ओळीनं बसलेल्या बायांच्या सुपांत ताज्या, करकरीत, लाल दोऱ्याच्या विड्या रास रास जमत होत्या. सरांनी डबी उघडली. वेलची संपली होती. त्यांनी आत पाहिलं. उर्वीच्या पोटावर चादर वरखाली होत होती. तो एक प्रश्न विचारल्याशिवाय घर पूर्ण झाल्याची हिरवी खूण उमटणार नव्हती.

सर खाकरले, इकडे तिकडे पाहिलं आणि कुणालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "गेल्या सात दिवसांत... विडी?"

सगळ्या बायांचे हात थांबले. रंभाबाईंनी सुपातली एक विडी निवडून उचलली, बोटांत फिरवून बघितली आणि सरांपुढं धरली.

"घ्या की साहेब," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हनलात, आजचं मोजत न्हाईत."